हळद लागलेले बिल्ले

प्रांजली म्हंजी माझी पाठची सख्खी बहीण. हे आदीच सांगून ठिवतो, म्हंजी पुढं कुणी म्हणायला नको की हनुमान परक्या पोरीचं कवतिक करायलाय. पाचोडपून बिडकीनपोहोत फिरून या, मेंढरामागं हिंडलेल्या घरात अशी एक पोरगी दाखवा, मी माझं नाव बदलतो. मी शेंद्र्याला कारखान्यात वेल्डर हाय. शाळा नववीत सुटली. पण बहिणीची गोष्ट सांगायला नववी पुरती.

तिचं काम लोकाला लवकर कळत नाय. गावाकडच्या बाया इचारत्यात, "फोन दुरुस्त करती का?" नाय. फोनात जे ॲप असतं ते दुसरी माणसं बनवत्यात. लोकाच्या हातात जायच्या आदी ते प्रांजलीच्या हाताखालून जातं. आता बघा, कुणाकडं भारीतला फोन, कुणाकडं हलका, कुणाचा नवाकोरा, कुणाचा काच फुटलेला, एखाद्याकडं ॲपलचा. एका फोनात सुरळीत चालणारं ॲप दुसऱ्यात आडून बसतं. मंग ही काय करती, सगळ्या फोनाला एकदाच शिकवून ठिवती. हे उघड, इथं दाब, हे वाच, आन काय निघालं ते मला सांग. बोट लावायचं कामच नाय. फोन आपले आपण चालायला लागत्यात, आन समोरच्या पडद्यावर एकेका फोनाचं नाव हिरवं नायतर तांबडं व्हतं. हिरवं म्हंजी पास. तांबडं म्हंजी बनवणाऱ्यानं परत बसायचं. लोक म्हणत्यात, सगळं कॉम्प्युटरच करतं की. करतं ना. पण कॉम्प्युटरनं काय बघायचं ते कुणी तरी ठरवावं लागतं, आन ते माझी बहीण ठरवती.

तशी ती ल्हानपणापून चौकशीखोर. बाराच्या सालचा दुष्काळ पडला तवा ती शाळेत व्हती. मेंढराचं खांड, म्हंजी आख्खा कळप, त्याच साली गेलं. आमच्या आबांनी, केरबा त्यांचं नाव, दोन बैल आन एक गाय ठिवली आन रोजंदारी धरली. गावात टँकर यायचा, बायाची ढकलाढकली व्हायची. प्रांजली टँकर यायच्या आदीच घरातली एकेक घागर उन्हाकडं धरून आत डोळा लावून बसायची. जिथून उजेड दिसला तिथं डांबर.

माय म्हणायची, "पाणी भरल्यावर कळंलच की गळती का नाय."

ती म्हणायची, "तवा कळून काय उपेग?"

दहावी झाल्यावर मी तिला माझ्याकडं आणली. शेंद्र्यात माझी एक खोली. तिथून ती काळीपिवळीत दाटीनं बसून शहरात कॉलेजला जायची. आता संभाजीनगर म्हणतो, तवा औरंगाबादच म्हणायचो. जालना रोडच्या दोन्ही अंगाला वावरात प्लॉटचे झेंडे लागत व्हते. काल जिथं ज्वारी व्हती तिथं आज कमान, आन कमानीवर कसलं तरी इंग्रजी नाव. घरं वाढली, नळाला पाणी मातर आठ दिवसाला. त्या सगळ्या धुळीतून पोरगी गेली आन कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आली. गावात पेढे मी वाटले. दोनदा वाटले, पहिल्यांदा काही लोक घरी नव्हते.

नोकरी लागली गारखेड्यात, हार्डवेअरच्या एका दुकानाच्या माडीवर ऑफिस. कंपनी ल्हान. मालक शिवशंकर सर, माणूस चांगला पण घायकुतीला येणारा. ॲप बनवायला निशा नावाची शहरातली पोरगी, तोंडानं फटकळ. आन तपासायला आमची प्रांजली. फोन उभे करायला त्यांनी पुठ्ठ्याचे खोके लावले व्हते. मी ते बघितले आन मलाच लाज वाटली. एका रविवारी अँगल कापून असं स्टँड करून दिलं की भूकंप आला तरी फोन हलायचा नाय. समोर कूलरची जुनी मोटर लावून फिरती चकती बी बसवली. जे फोनाला दाखवायचं ते चकतीवर चिकटवा, चकती फिरती, एकेक फोन ते बघतो. सरांनी इचारलं, "कुणी बनवलं?" ती म्हणली, "दादानं." बास. मला पुढं काही नको.

आता एकोणीसच्या उन्हाळ्याची गोष्ट. त्या साली परत पाऊस रुसला. बोअरचं पाणी आटलं, कडबा कुठं मिळंना. पाचोडच्या पुढं माळावर एका संस्थेनं चारा छावणी काढली. छावणी म्हंजी, ज्याच्या घरी चारा नाय त्यानं आपली गुरं तिथं न्यायची, दावणीला बांधायची, आन संस्थेनं चारापाणी द्यायचं. आमचे आबा आन माय गुरं घेऊन तिथंच राहायला गेले. तवा बैलजोडी, गाय आन एक कालवड व्हती. छावणीचे मुख्य तात्यासाहेब. धोतर, पांढरी टोपी, आन कुणाच्या बापावर भरोसा नाय.

भरोसा नसायला कारण बी व्हतं. कागदावर जास्तीची जनावरं दाखवून चारा उचलणारे त्यांनी लई बघितले व्हते. म्हणून त्यांनी शिवशंकर सरांच्या कंपनीकडून ॲप बनवून घेतलं. प्रत्येक जनावराच्या कानात पांढरा बिल्ला ठोकायचा. बिल्ल्यावर काळ्या ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन. सकाळी छावणीतल्या माणसानं दावणीवरून फोन घेऊन फिरायचं, बिल्ला फोनाला दाखवायचा. फोनानं बिल्ला वाचला की त्या जनावराच्या चाऱ्याची पावती निघती. नाय वाचला तर पावती नाय, आन पावती नाय तर चारा नाय. हातानं नंबर घालायची सोय तात्यासाहेबांनी ठिवूच दिली नाय. म्हणले, "हातानं लिहायला लागलं की जनावरं कागदावर वितात."

ॲप सोमवारी सकाळी सुरू व्हायचं ठरलं. शहरातले देणगीदार ते बघायला यायचे व्हते. रविवारी दुपारी ऑफिसात तिघंच, सर, निशा आन प्रांजली. प्रांजलीनं चकतीवर बिल्ले लावले, तपासणी सुरू केली. चकती फिरायली, फोन उजळायले, आन पडद्यावर एकामागून एक नाव हिरवं. जुना हलका फोन बी हिरवा. ॲपलचा बी हिरवा. सरांनी खुर्ची मागं सरकवली आन भेळ मागवली.

"प्रांजली, तात्यासाहेबांना कळवून टाक. आपलं झालं."

ती कळवणार तेवढ्यात मायचा फोन आला. माय, मंजुळाबाई, दर रविवारी दुपारी पोरीला फोन करती, त्यात खंड नाय.

"काय करायली गं?" माय म्हणली.

"काम. तू?"

"कालवडीच्या कानाला हळद लावायले. बिल्ला ठोकल्यापून कान सुजलाय तिचा. माश्या बसू देईनात."

प्रांजलीनं भेळेचा घास हातातच ठिवला. "नुसत्या कालवडीला लावली का?"

"आख्ख्या छावणीला लावली बाय. मी, मालनबाई, सगळ्या बायांनी मिळून. जनावर बिल्ल्यानं कान खाजवतं आन भोक परत उलतं. म्हणून करडीच्या तेलात हळद कालवली आन भोक, बिल्ला, सगळंच चोपडून काढलं. त्यावर धूळ बसली की घट्ट ऱ्हातं."

"माय, बिल्ल्यावरचा काळा चौकोन दिसतो का?"

"कशाला दिसंल? पिवळाधमक झालाय. लई साजरी दिसायलीत गुरं. नवरदेव बसवल्यावानी."

प्रांजलीनं चकतीवरच्या पांढऱ्या बिल्ल्याकडं बघितलं. माय म्हणली, "जेवलीस का?" प्रांजली म्हणली, "फोन ठिवू नको. तेलात हळद किती घालायची ते सांग."

तवा तिच्या डोक्यात काय चाललं व्हतं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिला मायचा राग आला नाय, आला तो सवताचा. गुराच्या शेणामुतात वाढलेली पोरगी, जखमेला हळद लावत्यात हे तिला ठाऊक नव्हतं का? तरी तिनं चकतीवर लावले ते कोरे बिल्ले, पाकिटातून काढलेले. तपासले ते फोन. बिल्ला कुणी तपासला नाय. आन आता सोमवारची सकाळ उजाडली की माणूस फोन घेऊन दावणीवरून फिरणार, फोन आंधळा होणार, आन गुरं रिकाम्या गव्हाणीपुढं उभी राहणार. त्यात आबाची बी गुरं.

ती खाली गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून हळद आन तेल आणलं. प्लेटात कालवायला बसली. माय फोनावरून सांगायली, "अजून घाल. अजून. बोटाला चिकटली पाहिजे."

निशा बघतच राहिली. "अय, हे काय? ऑफिसात हळद? नवरा कोण है, सांगून तर दे."

"नवरा चकतीवर बसलाय," प्रांजली म्हणली, आन बिल्ल्याला हळद चोपडली. खिडकीच्या फळीवरची धूळ बोटानं घेऊन वरून लावली. निशानं नाक मुरडलं, आन मंग तिनं बी बाह्या वर केल्या.

चकती फिरली. पहिला हलका फोन तांबडा. दुसरा तांबडा. काच फुटलेला तांबडा. भारीतला एक हिरवा झाला, ॲपलचा लई येळ घेऊन हिरवा झाला. पण छावणीतल्या माणसाकडं कुठला आलाय ॲपल.

मंग प्रांजलीनं तेलाच्या फडक्यानं बिल्ले पुसले. हळद वरची निघाली, पिवळा डाग राहिला. परत चकती फिरवली. आता सगळे हिरवे.

सर म्हणले, "हे बघ, पुसल्यावर चालतंय ना? मग छावणीवाले पुसतील. हळद आपल्या कामात येत नाही. आपल्या तपासणीत ॲप पास झालं."

"सर, तपासणीच माझी चुकली. मी हिरवं नाय देणार."

"अगं, तात्यासाहेबांना काय सांगू मी? उद्या देणगीदार येतायत. त्यांनी काम काढून घेतलं तर?"

"मीच सांगते त्यांना."

सर घायकुतीला आले, उठले, बसले. पण मी म्हणलो ना, माणूस चांगला. त्यांनी नंबर लावून दिला.

तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणले, "पोरी, तू केरबाची ना?"

"व्हय."

"तुझीच माय हळद लावत फिरती, आन तूच म्हणती फोन वाचणार नाय. मी देणगीदाराला काय सांगू?"

"सांगा की माझी चूक हाय. दोन दिवस द्या."

"दोन दिवस नाय. उद्या म्हंजी उद्या. सकाळी बाया बिल्ले पुसतील, माणूस वाचंल, मंग चारा."

आता इथं बघा माझी बहीण काय चीज हाय. तिला दिसलं की पहाटं उपाशी जनावर, त्याचा सुजलेला कान, आन बाई फडकं घेऊन कान धरायली. आमच्यात रीत हाय, उपाशी जनावराच्या दुखण्याला हात घालायचा नाय. आदी तोंडापुढं काही तरी टाकायचं, ते खायला लागलं की मंग इलाज. नायतर शिंग बसलंच म्हणून समजा. निशाला हे कुठून ठावं असणार. तिनं आदी हजेरी, म्हंजी बिल्ला वाचायचा, आन मंग चारा असं बसवलं. प्रांजलीनं बी तसंच तपासलं.

ती म्हणली, "तात्यासाहेब, चारा आदी टाका. जनावर खायला लागलं की कान धरू देतं. तवा बाया पुसतील आन माणूस वाचंल. पावती नंतर निघंल."

"आन बोगस?"

"दावणीला बांधलेलं, तुमच्या डोळ्यापुढं कडबा खातंय ते जनावर बोगस कसं असंल?"

फोनात मागं कुठं तरी बैल डरकला. मंग तात्यासाहेब म्हणले, "उद्याचा दिवस आदी चारा टाकतो. पण ऐकून घे. एक बी जनावर वाचायचं राहिलं तर परवापून परत पहिला कायदा. वाचलं तरच चारा. आन तुमच्या कंपनीचं मी मंग बघतो."

"चालंल," ती म्हणली. सरांनी कपाळ धरलं.

निशानं ॲपात हजेरी आन चाऱ्याची जागा बदलली. प्रांजलीनं फोनाला नवं शिकवलं, आता आदी चारा, मंग बिल्ला. कोरा बिल्ला, हळदीचा बिल्ला, पुसलेला बिल्ला, तिन्ही चकतीवर लावले. दिवस मावळायच्या आत पडदा हिरवा झाला. हळदीचा बिल्ला तेवढा हलक्या फोनात तांबडाच राहिला, ती म्हणली तो तांबडाच राहू द्या, तो तसाच दिसला पाहिजे, म्हंजी पुसायचं राहिलं ते कळंल. मायला फोन करून सांगितलं, सकाळी सगळ्या बायांनी तेलाचं फडकं घेऊन तयार राहायचं. माय म्हणली, "आदी लावा, मंग पुसा. तुमच्या कंपनीत असंच चालतं का?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तिला गाडीवर घेऊन निघालो. कारखान्यात रजा टाकली. अशा दिवशी भावानं घरी बसायचं नसतं.

आम्ही छावणीवर पोचलो तर चारा पडत व्हता. तात्यासाहेब दावणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. जनावरांनी तोंडं घातली, कडब्याचा करकर आवाज सगळ्या माळावर. बाया फडकी घेऊन एकेका कानाला लागल्या. मान न उचलता जनावरं खात व्हती. मागून छावणीचा माणूस फोन घेऊन, आन त्याच्या मागं प्रांजली. बिल्ला वाचला की फोन टुंग वाजायचा. एक दावण झाली, दुसरी झाली. आमची बैलजोडी वाजली, गाय वाजली.

कालवडीपाशी फोन आडला.

त्या माणसानं फोन जवळ नेला, लांब नेला. काही नाय. मायनं परत फडकं मारलं, तेल अजूनच चमकलं. तात्यासाहेब खुर्चीवरून उठून आले. आबा खुंट्यापाशी उभे, त्यांचं लक्ष कालवडीकडं नव्हतं, पोरीकडं व्हतं.

मालनबाई हळूच म्हणली, "आपल्या घरचंच राहिलं बघा."

प्रांजलीनं कान हळूच वर धरला आन बिल्ल्याकडं वाकून बघितलं. सूर्य आता समोरून वर आला व्हता. तेलावर ऊन पडून बिल्ला आरशावानी लखलखत व्हता, ठिपके त्यात बुडाले व्हते. ऑफिसात ट्यूबलाइट व्हती. ऊन नव्हतं.

"माय, पदर धर."

"कशाला?"

"सावली कर. कानावर."

मायनं पदर पसरला. कालवड तशीच चघळत उभी. फोन वाजला.

कुणी टाळ्या बिळ्या वाजवल्या नाय. छावणीचा माणूस पुढच्या दावणीकडं गेला, आन त्याच्या मागून एक बाई पदर धरूनच निघाली, कुणी सांगायच्या आत. तात्यासाहेबांनी त्या माणसाला बिल्ले वाचत वाचत शेवटच्या जनावरापोहोत जाऊ दिलं. मंग टोपी काढून डोकं पुसलं आन म्हणले, "चारा आदीच पडंल. रोज. तुझ्या सरांना सांग." एवढंच म्हणून देणगीदाराच्या चहाचं बघायला गेले. बोलणं थोडंच, पण तात्यासाहेबाच्या तोंडून एवढं काढणं म्हंजी काय असतं ते तिथं राहिलेल्याला इचारा.

मी आबांना म्हणलो, "बघितलं का पोरीचं काम?" आबा म्हणले, "बघितलं." आन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिकडं माय हळदीची वाटी घेऊन परत कालवडीपाशी आली. पुसल्यानं भोक उघडं पडलं व्हतं, माशी भिरभिरायली व्हती. तिनं बोट वाटीत बुडवलं आन प्रांजलीकडं बघून थांबली.

"लावू का नको?"

प्रांजली खाली बसली. दोन बोटांनी बिल्ला उचलून तिनं वरच्या अंगाला वळता धरला.

"लाव," ती म्हणली. "निस्ती भोकाला."